म्हाताऱ्याच्या पडद्यावर दोन नावं

शिक्क्यांच्या धंद्यात माणूस भोळा असून चालत नाही. कोणी डॉक्टरचा शिक्का करून मागतो आणि त्याच्या नखांत इंजिनाचं ऑइल असतं. कोणी स्वतःला कंपनीचा साहेब म्हणवतो आणि कंपनीचा पत्ता विचारला की खिशातून चिठ्ठी काढून वाचतो. दादा अशा सगळ्यांना एकाच गोड आवाजात सांगायचा, "लेटरहेड आणा." संस्थेचा छापील कागद, त्यावर सही, मगच शिक्का. ओळखीचा असो, शेजारचा असो, नाहीतर सासुरवाडीचा असो. खुद्द सासऱ्यांना त्याने एकदा आल्या पावली परत पाठवलं होतं. वहिनी म्हणजे दादाची बायको, सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची, ती हे प्रकरण अजूनही भांडणात हमखास बाहेर काढायची.

तर अशा माणसाच्या दुकानात त्याचा धाकटा भाऊ कामाच्या दिवशी, भर दुपारी आला आणि म्हणाला, "दादा, तुझा म्हातारा मी ठीक करून देतो. फुकट."

दादाने आधी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग त्याच्या पिशवीकडे, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

म्हातारा म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर. मूळचा पांढरा, आता जुन्या दातांच्या रंगाचा. सकाळी त्याचं बटण दाबून दादा काउंटर पुसायचा, चहा घ्यायचा, कप विसळून उपडा घालायचा, तरी पडद्यावरचं चाक आपलं फिरतंच. शिक्क्याचं डिझाइन त्याच्यावर व्हायचं, प्रिंटरमधून त्याची पारदर्शक फिल्म निघायची आणि त्या फिल्मवरून मागच्या खोलीतल्या दिव्याच्या पेटीत रबरावर शिक्का उमटायचा. अलीकडे म्हातारा फिल्म निघता निघता मान टाकायचा. मग गिऱ्हाईक ताटकळायचं आणि दादा त्याला पाणी विचारत बसायचा. नवा घ्यायचा विषय निघाला की दादाच्या छातीत कळ यायची, आणि ती खरी की सोयीची हे वहिनीलाही कधी कळलं नाही.

भाऊ मदतीला आला यात वावगं काय, असं कोणालाही वाटेल. पण गाळा वडिलांचा, म्हणजे दोघा भावांचा होता. वडील गेल्यावर धाकट्याने एकदाच, जेवता जेवता, म्हटलं होतं की शिक्क्यांचे दिवस सरले, शेजारचा औषधवाला गाळा भाड्याने मागतोय, देऊन टाकू. दादा म्हणाला होता, दुकान चालतंय तोवर नाही. विषय तिथेच मिटला. पण दुकान चालतंय तोवर म्हणजे म्हातारा चालतोय तोवर, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हातारा आडवा झाला की दुकान आडवं. मग मधली भिंत पाडून औषधवाल्याच्या बाटल्या इकडे येणार आणि दादा घरी खुर्चीत, वहिनीच्या देखरेखीखाली. आणि ज्याला गाळा मोकळा हवा, तोच आता म्हाताऱ्यावर उपचार करायला निघाला होता.

दादाने नकार दिला नाही. नकार दिला की समोरचा सावध होतो. "बघू," एवढंच म्हणाला आणि त्या दिवसापासून भावावर पहारा ठेवला.

पहाऱ्यात पुष्कळ सापडलं. धाकटा एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायच्या कामावर होता. पूर्वी दुकानात यायचा तो वावटळीसारखा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, एक पाय आत, एक बाहेर. आता येऊन बसायचा. दुपारचे तास न् तास बसायचा. गळ्यातलं ओळखपत्र दिसेनासं झालं होतं. खिशात लपवलं असणार, दादाने ताडलं, म्हणजे कोणी पाहिलं तर कामावरून पळून आलाय हे कळायला नको. एकदा दादा मागच्या खोलीतून बाहेर आला तर हा खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात भिंतीवर वीत टाकून मोजत होता. दादाला पाहताच हात खिशात. थोड्या वेळाने सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या कोपऱ्यातला प्लग चालतो का? मग, हल्ली किती गिऱ्हाइकं येतात?

माप, वीज, वर्दळ. गाळा भाड्याने घेणारा माणूस याखेरीज आणखी काय विचारतो?

आणि कळस म्हणजे एका दुपारी दादाने त्याला औषधवाल्याच्या काचेआड पाहिलं. धाकटा हळू आवाजात काही सांगत होता आणि औषधवाला मान हलवत होता, नाही-नाही अशी. भाड्याचा आकडा पटत नसेल, दादा मनाशी म्हणाला. ताणून धरतोय लेकाचा.

रात्री जेवताना त्याने हे सगळं वहिनीपुढे मांडलं. तिने ऐकून घेतलं, वाढून घेतलं आणि म्हणाली, "अहो, कधी नव्हे तो भाऊ आपणहून काही करतोय तर करू द्या की."

"कधी नव्हे तो. तेच म्हणतोय मी."

"तुम्हाला कोणी फूल दिलं तरी तुम्ही देठ तपासाल."

"काटे देठालाच असतात," दादा म्हणाला आणि ताटावरून उठला.

धाकट्याचा उपाय होता लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक वेगळी सिस्टीम. त्याने समजावून सांगितलं ते असं : म्हाताऱ्याच्या अंगात दोष नाही, अंगावरचं ओझं त्याला पेलत नाही. हे जुनं जड सामान उतरवायचं आणि त्या जागी लिनक्सचा एक हलका प्रकार बसवायचा. असल्या दमलेल्या यंत्रांसाठीच तो केलेला आहे. विकत घ्यावा लागत नाही, दरवर्षी काही भरावं लागत नाही. दादाने विचारलं, मग बनवणाऱ्यांचं काय सुटतं यात? धाकटा म्हणाला, जगभरची माणसं मिळून बनवतात, बरीचशी आवडीने.

"आणि त्यांच्या घरी चूल कशावर पेटते?"

धाकट्याने यावर बरंच सांगितलं. कंपन्या पैसे घालतात, त्यांचाही फायदा असतो, कोणीही आतलं सगळं उघडून तपासू शकतं. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं दादाला आवडलं. तपासू देतो तो निम्मा तरी खरा असतो.

अखेर त्याने अटी घातल्या. काम रविवारी, दुकान बंद असताना. आधी म्हाताऱ्याला काहीही न पुसता चालवून दाखवायचं. आतल्या सगळ्या फाइलींची नक्कल काढायची आणि ती दादाच्या खिशात राहील. आणि दादा पूर्ण वेळ शेजारी बसेल. धाकटा सगळ्याला हो म्हणाला. इतक्या चटकन हो म्हणाला की दादाला एखादी अट कमी पडली की काय अशी चुटपुट लागून राहिली.

एक अट मात्र त्याने मनातच ठेवली. तिच्यामागची गोष्ट त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

वडिलांच्या वेळेपासून दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोल शिक्क्यात एक खोड असायची. बाहेरच्या वर्तुळाच्या रेषेत, खालच्या ताऱ्याच्या जरा डावीकडे, केसाएवढी फट. पाहणाऱ्याला वाटावं, शाई नीट लागली नाही. कोणी त्या शिक्क्याची नक्कल करायला बसला की तो ती फट हमखास बुजवायचा, कारण नक्कल करणाऱ्याला आपलं काम सुबक हवं असतं. मग अस्सल कुठला आणि बनावट कुठला हे भिंगाखाली दादाला एका नजरेत कळायचं. वडिलांनी दुकान हाती देताना त्याला मागच्या खोलीत नेऊन, दार लोटून, हे सांगितलं होतं, आणि वर म्हणाले होते, फक्त तुलाच सांगतोय. त्यांचा आवाज तेव्हा इतका खाली गेला होता की दादाला तो आठवला तरी अजून मागे वळून दाराकडे पाहावंसं वाटे.

नव्या सिस्टीमवर ती फट टिकली तर टिकली. बुजली तर दादाला कारण सापडणार होतं : जमत नाही, घे तुझं सामान आणि जा घरी.

रविवारी शटर गुडघ्याएवढं वर ठेवून दोघे भाऊ आत बसले. धाकट्याने म्हाताऱ्याच्या पाठीत बोटाएवढा पेन ड्राइव्ह खुपसला आणि बटण दाबलं. दादा सवयीने काउंटर पुसायला उठला. फडकं हातात घेतो न घेतो तोच पडदा उजळून तयार होता. निळसर, साधा, मोकळा. दादाने फडकं खाली ठेवलं, माउस इकडेतिकडे फिरवून पाहिला, एक पत्र टंकून छापून घेतलं, आणि म्हणाला, "आता तो पेन काढ. मला जुनं बघू दे."

धाकट्याने बंद करून पेन ड्राइव्ह काढला. पुन्हा बटण. जुनी सिस्टीम धापा टाकत आली, चाक फिरलं, सगळं जागच्या जागी. दादाने एकूण एक फोल्डर उघडून पाहिला. काही गेलं नव्हतं. त्याला बरं वाटलं आणि थोडंसं वाईटही.

मग फाइलींची नक्कल, काडेपेटीएवढ्या हार्ड डिस्कच्या डबीत. ती डबी दादाने शर्टाच्या आतल्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं. खात्री म्हणून त्यातल्या फाइली आधी धाकट्याच्या लॅपटॉपवर उघडून घ्यायला तो विसरला नव्हता.

"आता पुसू?" धाकट्याने विचारलं. पडद्यावर तसाच प्रश्न होता : या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का?

दादाने खिसा चाचपला. "पूस," म्हणाला. आणि बटण धाकट्याला दाबू न देता स्वतःच्या बोटाने दाबलं. म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालंच तर ते आपल्या हातून व्हावं असं त्याला का वाटलं कोण जाणे.

पट्टी सरकत राहिली. मध्ये धाकट्याने घाईघाईने काही रकाने भरले, तेव्हा वहिनीचा फोन आला म्हणून दादा शटरखालून वाकून बाहेर गेला होता. जेवायला किती वाजता येणार, धाकट्या भावोजींनाही घेऊन या, आणि भांडलात का अजून? नाही, दादा म्हणाला. परत आला तर धाकटा काळा पडदा उघडून त्यावर पांढऱ्या ओळींत प्रिंटरसाठी काही लिहीत होता, आणि ओळी भराभर वर पळत होत्या. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, छपाईचं साहित्य उतरवतोय. मध्येच पासवर्ड टाकला तो पडद्यावर उमटलाच नाही, ठिपकासुद्धा नाही. दादाने कुठे गेला म्हणून विचारलं. धाकटा हसून म्हणाला, इथे दाखवत नाहीत, किती अक्षरं आहेत तेही कळू नये म्हणून. ज्याने कोणी हे बनवलं तो आपल्या जातकुळीतला दिसतो, दादाला वाटलं, आणि लिनक्सविषयी पहिल्यांदाच त्याच्या मनात आदर उपजला.

मग म्हातारा बंद करून नव्याने चालू केला. क्षणात पडदा आला. त्यावर मधोमध, एकाखाली एक, दोन नावं होती.

थोरले.

धाकटे.

दादाने ती नावं दोनदा वाचली. आपण फोनवर बोलायला बाहेर गेलो तेव्हाच हे झालं. धाकट्याचं नाव दुकानाच्या पाटीवर आलं नाही, कागदावर आलं नाही, आधी इथे आलं.

"हे दुसरं नाव कोणाचं?"

"माझं."

"ते वाचता येतंय मला. कशाला?"

एका यंत्रावर दोघांना वेगवेगळं काम करता येतं, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही, असं धाकटा काहीबाही सांगू लागला. दादाने त्याला बोलू दिलं. गिऱ्हाईक फार बोलू लागलं की तो असाच थांबायचा.

"शिक्का मागायला येतो त्याला मी काय विचारतो?"

"लेटरहेड."

"मग तुझं दाखव. नोकरी तिकडे कंपनीत आणि नाव इथे माझ्या म्हाताऱ्यावर. कोणाच्या वतीने आलायस तू? औषधवाल्याच्या?"

धाकट्याला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा हसू येता येता राहिलं.

"लेटरहेड नाही राहिलं, दादा," तो म्हणाला. "काढलं मला."

मग थांबत थांबत सगळं आलं. त्याचा अख्खा विभाग बंद झाला होता. ओळखपत्र दारावर जमा करून घेतलं होतं. घरी अजून माहीत नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचं आणि वाचनालयात वर्तमानपत्रं संपेपर्यंत बसायचं. वर्तमानपत्रं संपली की इथे. औषधवाल्याला त्याने विचारलं होतं, कॉम्प्युटरवर बिलं करायला माणूस हवाय का. त्याचा पुतण्या करतो ते. मग वाटलं, घरोघरी असे म्हातारे पडलेत, लोक ते भंगारात घालतात. एक टेबल असतं, एक प्लग असता, तर ते चालू करून द्यायचं काम करता आलं असतं. तुझा आधी चालू करून दाखवला तर मागायला तोंड राहील.

दादाच्या मनातले सगळे पुरावे एकेक करून कूस बदलू लागले. वीत, प्लग, गिऱ्हाइकं, काचेआडची ती नकाराची मान. प्रत्येक गोष्ट त्याने अचूक टिपली होती आणि प्रत्येक चुकीच्या रकान्यात मांडली होती. त्याला आपल्या भावाची दया आली. पण रडवेलं तोंड पाहून त्याने आजवर कोणाला शिक्का दिला नव्हता, आणि जन्माची सवय एका दुपारीत सुटत नाही.

"उद्या सकाळी पतपेढीचा शिक्का द्यायचाय," तो म्हणाला. "काढ बघू फिल्म."

धाकट्याने 'धाकटे'वर टिचकी मारायला हात पुढे केला, थबकला, आणि 'थोरले' उघडलं. खिशातली डबी दादाने स्वतः लावून दिली. जुन्या प्रोग्रॅमची फाइल नव्या प्रोग्रॅममध्ये उघडली खरी, पण अर्धीमुर्धी : अक्षरं आली, भोवतीचं वर्तुळ विस्कटून चार तुकडे झालं. धाकट्याने तुकडे पुसले आणि नवं वर्तुळ काढलं. गुळगुळीत, अखंड, सुबक.

संपलं, दादाच्या मनात आलं. कारण सापडलं होतं. पण पाहतो तर ते सापडायला नको होतं असं त्याला वाटत होतं.

धाकट्याने तारा जागेवर बसवला. मग पडदा मोठा केला, आणखी मोठा केला, वर्तुळाची रेषा बोटाएवढी जाड दिसू लागली. तसाच तो खाली सरकला, ताऱ्याच्या डावीकडे आला, आणि त्या रेषेचा केसाएवढा तुकडा खोडून टाकला.

प्रिंटरमधून फिल्म निघाली. दादाने भिंग काढलं. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"ही फट तुला कोणी सांगितली?"

"बाबांनी."

"कधी?"

"मी कंपनीत लागलो त्याच्या आदल्या दिवशी. मागच्या खोलीत नेलं, दार लावलं."

दादाने भिंग खाली ठेवलं. "मला म्हणाले होते, फक्त तुलाच सांगतोय."

"मलापण तेच म्हणाले."

दादाला हसू फुटलं, आधी नाकातून, मग पोटातून. बाबांनी दोघा पोरांना एकच गुपित दिलं होतं आणि दोघांनाही एकमेकांपासून जपायला लावलं होतं. आणि पोरंही अशी निपजली की इतकी वर्षं एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही.

शटर खडखडलं. जेवण थंड होतंय म्हणून वहिनी स्वतःच आली होती. तिने वाकून आत पाहिलं, हसणारा नवरा पाहिला, तोंड पडलेला दीर पाहिला, आणि म्हणाली, "भांडण झालं वाटतं. मिटलं का?"

"खिडकीजवळच्या कोपऱ्यातली खोकी मागे न्यायचीत," दादा तिला म्हणाला. "उद्यापासून हा तिथे बसणार. आणि तू," भावाकडे वळून, "आज घरी जाऊन बायकोला सांगणार. सांगितलंस की तिचा फोन वहिनीला आला पाहिजे. तेच तुझं लेटरहेड."

धाकट्याने मान डोलावली.

निघायच्या आधी दादाला म्हाताऱ्यावर आपला पासवर्ड बदलायचा होता. धाकट्याने तात्पुरता घातला होता तो ठेवणं बरं नव्हे. जुना टाकायचा, मग नवा दोनदा. त्याने बोटं कळांवर ठेवली, मग उचलली.

"तोंड तिकडे कर."

"दादा, मीच बसवलंय हे सगळं."

"म्हणूनच."

धाकटा निमूटपणे वळला. समोर खिडकीजवळचा कोपरा होता. दादा एकेक अक्षर शोधून दाबत होता, आणि धाकटा भिंतीला पुन्हा वीत लावून टेबल कितपत मोठं बसेल ते मोजत होता. या वेळी त्याने हात खिशात घातला नाही.